वरच्या फळीवरचा कोनमापक

नेपरव्हिलच्या थंडीत ऑफिसला निघताना आपली माणसं कोट, टोपी, हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट असा सगळा जामानिमा करतात. टपाल आणायला मात्र सपाता घालून जातात. ‘हे काय, इथवर तर जायचंय’ हे त्यामागचं शास्त्र. २००७ च्या जानेवारीत ज्ञानदा अशीच निघाली. अंगावर नवऱ्याचा कोट आणि पायात नागपूरहून आणलेल्या सपाता. टपालपेट्या गल्लीच्या कोपऱ्यावर होत्या. फरशीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. हा बर्फ दिसत नाही, पाय पडला की कळतो. पाय सटकला, उजवा हात आपसूक पुढे गेला आणि सगळं अंग त्या एका हातावर आलं.

पडल्या पडल्या ती रडली नाही. आधी तिनं स्वतःला तपासलं. मनगट ठीक. गळ्याजवळचं हाड ठीक. खांदा जागेवरून निखळलेला नाही, पण हात बाजूला उचलवत नाही. म्हणजे आतले स्नायू दुखावलेत. एवढं निदान झालं आणि मग ती रडली.

ज्ञानदा नागपूरची फिजिओथेरपिस्ट. धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात तिनं लग्नाआधी काही वर्षं काम केलं होतं आणि पेशंट तिला ‘खांदेवाल्या मॅडम’ म्हणायचे. जरा रागीट होती. पेशंट हात गळ्यात अडकवून महिनाभरानं उगवला की ती त्याला फैलावर घ्यायची. “दुखतं म्हणून बांधून ठेवला? आता गोठला ना खांदा! दुखणं हत्तीच्या पावलानं येतं काका, आणि मुंगीच्या पावलानं जातं. चला, भिंतीवर बोटं चढवा.” पेशंट कण्हत, कुरकुरत बोटं चढवायचे आणि बरे होऊन पेढे आणून द्यायचे.

मग पुण्याच्या प्रथमेशचं स्थळ आलं. मुलगा सॉफ्टवेअरमधला, नेपरव्हिलजवळ शॉमबर्गला नोकरी, स्वभावानं गरीब. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिकडे काम करता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सगळे म्हणाले, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, ग्रीन कार्डाचं काम सुरू झालं की सुटेल. ती आली त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती आणि ग्रीन कार्डाची रांग जिथल्या तिथे होती.

येताना तिनं आपला कोनमापक आणला होता. एका खिळ्यावर फिरणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि मध्ये अंशांचं वर्तुळ. पेशंटचा हात किती उचलला जातो हे त्यानं मोजायचं. पहिल्याच हिवाळ्यात तिनं तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या रजयांमागे ठेवून दिला. नजरेसमोर असला की जीव जळायचा.

तर खांदा. डॉक्टरांनी फोटो काढले, मशीनमध्ये घालून आतलं चित्र पाहिलं. हाड मोडलेलं नव्हतं. खांद्याची रचनाच मुळात उधारीवरची. कमरेचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, खांद्याचा गोळा मात्र चपट्या बशीत ठेवलेल्या लाडवासारखा. तो घरंगळू नये म्हणून चार स्नायूंनी त्याला बोटांनी धरावं तसं धरलेलं असतं. त्यातल्या एकाचा दोर थोडा फाटला होता. पूर्ण तुटला असता तर शिवावा लागला असता. एवढ्याला ऑपरेशन नको, डॉक्टर म्हणाले. आठवडाभर हात गळ्यात अडकवायची स्लिंग, बर्फाचा शेक, सूज उतरायच्या गोळ्या आणि मग लगेच थेरपी.

“मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. घरीच करीन,” ज्ञानदा म्हणाली.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, मग मला काळजीच नाही. आणि खरोखरच त्यांनी पुढे काळजी केली नाही.

आठवड्यानं तिनं स्लिंग काढली. वाकून हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायला लागली. दुखत होतं, पण ते दुखणं ओळखीचं होतं. सगळं सरळ चाललं होतं. अशात शैलजाताईंकडचं संक्रांतीचं हळदी-कुंकू आलं.

शैलजाताई म्हणजे नेपरव्हिलच्या मराठी बायकांचं हेड ऑफिस. त्यांच्या बेसमेंटमध्ये पन्नास बायका, काळ्या साड्या, धक्काबुक्की. कुणाचा धक्का लागायला नको म्हणून ज्ञानदानं तेवढ्यापुरती स्लिंग परत चढवली. इतकंच, दुसरं काही मनात नव्हतं.

एरवी अशा समारंभाला जायच्या आदल्या दिवसापासून ती न जायची निमित्तं शोधायची, कारण तिथे एक प्रश्न हमखास असायचा. “मग, सध्या काय करतेस?” काही नाही म्हटलं की सल्ले सुरू. जावा प्रोग्रॅमिंग शिकून घे यार. टेस्टिंगचा कोर्स कर. मराठी शाळेत शिकव. नाहीतर हीच वेळ आहे, एक बाळ होऊन जाऊ दे. ज्ञानदा हसून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष स्लिंगकडे. “अगंबाई, काय झालं?” “पडलीस? बर्फावर?” उजवा हात अडकलेला म्हणून तिनं तिळगुळासाठी डावा पुढे केला आणि ओशाळून मागे घेतला, तर शैलजाताई म्हणाल्या, “असू दे गं, डाव्यानं घे. तू आता फक्त आराम कर.” कुणीतरी खुर्ची दिली, कुणी ताट हातात आणून दिलं. वाण म्हणून मापाचे चमचे होते, ते तिच्या पर्समध्येही दुसरीनंच घातले.

फक्त आराम कर. चार वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी काही न करण्याची परवानगी दिली होती. घरी आल्यावर तिनं स्लिंग काढलीच नाही.

उद्या काढू म्हणता म्हणता फेब्रुवारी गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि तिला साथ द्यायला प्रथमेश होताच. पुण्याहून त्याच्या आईचा फोन यायचा, “हात अजिबात हलवू देऊ नकोस रे तिला.” आईची आज्ञा आणि बायकोचं प्रेम, दोन्ही एकाच कामात बसत असल्यावर मुलगा कशाला ऐकणार नाही? तो भाज्या चिरायचा, पोळ्या दुकानातून आणायचा, सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिची वेणी घालायचा. वेणी एका कानाकडे कलंडायची. पाठीमागचे हूकसुद्धा तोच लावून द्यायचा, डोळे मिटून, संकोचून, जणू काल लग्न झालंय. त्याचा इतका जीव तिच्यावर, आणि तिला घरात श्वास घ्यायला जागा उरेना. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर, गळ्यात पट्टा. खिडकीशी बसून ती शेजाऱ्यांच्या गाड्या येता-जाताना पाहायची आणि प्रथमेश आला की हसायची.

मार्चच्या शेवटी बर्फ वितळला. एका सकाळी तिनं स्लिंग काढली, कोपर अंगाशी धरलं आणि हात दाराच्या फळीसारखा बाहेर वळवून पाहिला. वळला नाही. दुखला म्हणून थांबला असता तर गोष्ट वेगळी. तो कुलूप लागल्यासारखा थांबला. तिनं पाठीमागे नेऊन पाहिला, कमरेच्या अलीकडेच अडला. आधी बाहेर वळणं जातं, मग पाठीमागे जाणं, मग वर जाणं. हा क्रम तिनं धंतोलीत शंभरदा सांगितला होता. सांध्याभोवतीची पातळ पिशवी न हलल्यानं आक्रसते, जाड होते, स्वतःला चिकटते. फाटलेला दोर बिचारा केव्हाच भरून आला होता. खांदा गोठला होता तो तिच्या हातानं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? स्लिंग आता खरीच लागायला लागली, निदान दाखवायला.

त्या जुलैत ग्रीन कार्डाचं दार उघडलं, लगेच मिटलं आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर पुन्हा उघडलं. प्रथमेश एका संध्याकाळी मिठाईचा डबा घेऊन धावतच घरात शिरला.

“ज्ञानदा! अर्ज घेतायत! आपला फाइल होतोय! दोन-तीन महिन्यांत तुझं वर्क परमिट येईल. तू काम करू शकशील, कळतंय का? दे टाळी!”

त्यानं हात उंच धरला. तिनं उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत गेला आणि थांबला. प्रथमेशचा हात वर तसाच राहिला.

“अजून दुखतंय?” त्यानं विचारलं.

“दुखत नाहीये,” ती म्हणाली. “उघडतच नाहीये.”

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. ज्या दारासमोर ती चार वर्षं बसून होती ते उघडलं, आणि जो हात घेऊन आत जायचं तोच बंद. फिजिओथेरपिस्टला दुसऱ्याचे हात-पाय उचलावे लागतात, पेशंटला पेलावं लागतं. स्वतःचे केस विंचरता न येणारी बाई कुणाचा खांदा मोकळा करणार?

डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं, म्हणजे आतली सूज कमी होऊन ताण सोसता येईल. तरी नाहीच सुटला तर भूल देऊन मोकळा करावा लागेल, म्हणाले. आणि या वेळी थेरपीसाठी त्यांनी तिला विचारलं नाही, पाठवलंच.

थेरपिस्टचं नाव कॅरन. साठीकडे झुकलेली, उंच, आवाज खणखणीत. तिनं गरम शेक दिला, ज्ञानदाला आडवं केलं आणि सांध्यावर हळूहळू दाब द्यायला लागली. ज्ञानदानं तिनं सांगायच्या आधीच कोपर योग्य तिथं टेकवलं, मान सैल सोडली. पुढच्या वेळी दोरी-कप्पीचा व्यायाम दाखवायला कॅरन वळली, तर ही दोरी मापात बांधून बसलेली.

“तू या कामातली आहेस,” कॅरन म्हणाली.

“होते.”

“मग इतके दिवस बांधून का ठेवलास?”

ज्ञानदा रागीट खरी, पण त्या प्रश्नापुढे तिची मान खाली गेली. धंतोलीत हाच प्रश्न ती याच आवाजात विचारायची. पेशंट गप्प का बसायचे हे तिला आज कळलं.

कॅरननं उत्तराची वाट पाहिली नाही. हात दाबता दाबता म्हणाली, “परमिट आलं की इथे मदतनीस म्हणून ये. लायसन्सची परीक्षा होईपर्यंत तेवढं करता येतं. पण पेशंटचा पाय उचलून धरता आला पाहिजे, आणि वरच्या फळीवरची वजनं काढता आली पाहिजेत. मी सवलत देत नाही.”

परतताना प्रथमेश ड्राइव्ह करत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ज्ञानदा बोलली.

“मला माहीत होतं, प्रथमेश. बांधून ठेवला की गोठतो, हे मला माहीत होतं.”

“अगं, मग...”

“स्लिंग असली की मला कुणी विचारायचं नाही, काय करतेस म्हणून. मला बरं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटायचं.”

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला. प्रथमेशनं गाडी पुढे घेतली.

“मी तरी विचारायला हवं होतं,” पुढच्या वळणावर तो म्हणाला. “मी आपला वेण्या घालत बसलो.”

“छान घालायचास,” ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं नाही.

त्यानंतर रोज भिंत. दिवाणखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं चढायचं, दुखेल तिथं थांबायचं, श्वास सोडायचा, अजून एक बोट. वेणी ती स्वतः घालायला लागली, मान पार खाली घालून, वाकडीतिकडी. प्रथमेशला बघवायचं नाही, तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा. बोट चार दिवस पुढं सरकायचं, मग आठवडाभर काहीच नाही. मुंगीच्या पावलानं, हे वाक्य आता तिला स्वतःचंच नकोसं झालं होतं. गोठलेला खांदा सुटायला कधीकधी दोन वर्षंही घेतो, हेसुद्धा तिला माहीत होतं. माहीत असण्याचा एवढा त्रास तिला कधी झाला नव्हता.

ऑक्टोबरात परमिट आलं. त्या संध्याकाळी ती अंघोळ करून बाहेर आली तर जेवणाच्या टेबलावर निरांजन लावलेलं, शेजारी कार्ड, आणि कार्डाखाली पुसून लख्ख केलेला कोनमापक. प्रथमेशनं रजया उपसून शोधून काढला होता. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

ज्ञानदानं कोनमापक हातात घेतला. पट्टी फिरवून पाहिली. खिळा जरा घट्ट झाला होता. एकदा वाटलं, राहू द्यावा इथेच, त्याचं मन मोडू नये. इतके महिने हेच तर करत आली होती.

“प्रथमेश, हा परत वर ठेव.”

“का? आवडला नाही?”

“होता तिथेच ठेव. रजयांच्या मागे, अगदी आत.”

प्रथमेशचा चेहरा उतरला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि कोनमापक घेतला. खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग टाचा उंचावल्यावर तो नेहमी काढतो तसा हुंकार.

ज्ञानदा भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. उजव्या हाताची बोटं कमरेपाशी टेकवली आणि चढवायला लागली. छातीच्या वर, हनुवटीच्या वर, डोळ्यांपर्यंत. तिथं खांदा अडला. कोनमापक स्वतःच्या हातानं काढायचा तर ती फळी अजून बरीच वर होती. तिनं दात आवळले आणि अजून एक बोट पुढं टाकलं.

“लावलंस का कपाटाचं दार?” तिनं विचारलं.

“लावलं,” तो आतून म्हणाला. “खुर्ची ठेवू का जवळ?”

“नको.”