गुंडूचा रिलीज

वेंगुर्ल्याच्या गुंडूला बहारीनमध्ये एकच गोष्ट हवी होती, रिलीज. जुन्या मालकाने ‘हा माणूस मी मोकळा केला’ असं लिहून दिल्याशिवाय तिथे दुसरी नोकरी धरता येत नसे. गुदैबियातले किराणावाले रहिमतुल्ला शेठ त्याला ड्रायव्हर म्हणून घ्यायला तयार होते. पगार तेवढाच, पण ते बायकोचा व्हिसा काढून देणार होते. लग्नानंतर रंभेच्या वाट्याला नवरा आला होता तो एका रजेपुरता. गुंडू आपल्या मालकाकडे, हॉब्स साहेबाकडे, पुन्हा पुन्हा रिलीज मागे आणि साहेब गोड हसून म्हणे, "चांगला ड्रायव्हर मिळतो कुठे, गुंडू?" गोड बोलून अडवणाऱ्याशी माणूस भांडणार तरी कसा?

साहेब इंजिनियर. त्याचा जीव मात्र विलायतेतल्या गावच्या नदीत आणि तिथल्या ग्रेलिंग नावाच्या रुपेरी माशात अडकलेला. बहारीनला नदी कुठली? म्हणून शुक्रवारी तो सनाबिसच्या किनाऱ्यावर जाई. तिथे गोड्या पाण्याचा एक झरा समुद्राला मिळे आणि त्या पाण्याला बोय मासे येत. दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला बांधून साहेब ती पाण्यावर नाचवी. कोळंबी सोडून माशाला पिसं चारणारा माणूस गुंडूच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता.

साहेबाला आणखी एक खोड होती, गुंडूचं इंग्रजी सुधारण्याची. गुंडू गाडीला ‘शी’ म्हणाला की साहेब लगेच म्हणे, "इट, गुंडू. वस्तूला, जनावराला इट. हिम फक्त माणसाला." गुंडूने ते घोकून पक्कं केलं होतं.

ऐंशी सालच्या थंडीतला शुक्रवार होता. साहेबाबरोबर त्याचा एक इंग्रज मित्रही आला होता. गुंडू पाण्याकडे पाठ करून, गाडीच्या सावलीत डबा खात बसला होता. मागून मित्राचा आवाज आला, "विल यू कीप हिम?"

गुंडूचा घास हातातच राहिला.

"नो, नो," साहेब म्हणाला. "आय विल रिलीज हिम. हिज वाइफ इज वेटिंग."

हिम म्हणाला. वर वाइफ म्हणाला. दगडाला पाझर फुटला की काय? गुंडूने डबा वाळूवर ठेवला. "देवा रवळनाथा, पावलस रे माका," तो पुटपुटला आणि उष्ट्या हाताने धावत सुटला. चपला वाळूत राहिल्या. गुडघाभर पाण्यात शिरून तो साहेबाचे पाय धरायला वाकला.

वाकला तेव्हा त्याला दिसलं. साहेबाच्या तळहातांवर, पाण्याखाली, एक बोय मासा कल्ले हलवत होता. साहेबाने हात उघडले. "गो होम," तो लाडाने म्हणाला, आणि मासा शेपटी मारून निघून गेला.

गुंडू तसाच वाकलेला राहिला. मासा गेला त्या पाण्याकडे तो बघत होता आणि त्याला त्या माशाचा हेवा वाटत होता. आपल्यावर माशाचा हेवा करायची पाळी आली, याचा धक्का त्याला सगळ्यात मोठा बसला.

"पाय घसरला का?" साहेबाने इंग्रजीत विचारलं.

गुंडूने नकारार्थी मान हलवली.

"सर, आय ऑल्सो हिम."

मित्राने मान दुसरीकडे वळवली. साहेब नेहमीसारखं गोड हसला.

"तसं नाही म्हणत, गुंडू. मी टू," त्याने सुधारलं, आणि माशी सोडवायला गळ त्याच्या हातात दिला.