आईच्या कानांचा इस्माईल

बातमी आली तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाची समजूत काढत होतो. त्याचा प्रिंटर अगदी धडधाकट होता. फक्त कॉम्प्युटरनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि त्या दिवसापासून तो प्रिंटरला ओळखेनासा झाला होता. "न बिघडलेली वस्तू टाकून द्यायची म्हंजे काय ओ, पावणं?" असा त्याचा सवाल, आणि कंपनीनं ड्रायव्हर देणं बंद केलंय, आता नवा घ्या, हे माझं नेहमीचं तोंडपाठ उत्तर. तेवढ्यात माझ्या दोस्ताच्या, इस्माईलच्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, भाई गेला." दाढी करता करता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता. मी फोन ठेवला आणि त्या गिऱ्हाइकाचं उरलेलं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घेतलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. माणूस थकला की असंच काहीतरी करत असावा. दुपारी कब्रस्तानात मूठभर माती टाकून घरी आलो, तर आई दारातच बसलेली. तिनं कानाला बोट लावून खुणेनं विचारलं, आणलंस का? मी नुसती मान हलवली.

आईचं कानाचं यंत्र इस्माईलकडं होतं. आतला एक भाग गेला होता म्हणून त्यानं तो बदलला होता. पण भाग बदलला की त्यातली सगळी जुळणी पुसली जाते, ती परत करावी लागते. "येत्या जुम्म्यानंतर म्हातारीला घिऊन ये, लावून टाकतो," असं तो म्हणाला होता. तो जुम्मा त्याला मिळाला नाही. यंत्राशिवाय आईला ढगाचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही. कानाशी तोंड नेऊन, नरड्याच्या शिरा ताणून ओरडलं तर एखादा शब्द पोचतो, पण तोवर तो सगळ्या गल्लीला पोचलेला असतो. लिहून दाखवावं तर तिची अक्षरओळख बेताची, त्यात डोळ्यात मोतीबिंदू. आता तुम्हीच सांगा, 'इस्माईल मेला' हे मी कसं ओरडणार होतो? तिच्या कानाशी, बेंबीच्या देठापासून? मला नाही जमलं. बायको म्हणाली, मी सांगते. तिलाही नाही जमलं. आई रोज खुणेनं विचारायची, मी रोज हातानं थांब म्हणायचो, आणि ती इस्माईलला लाडानं एक शिवी हासडून आत जायची.

इस्माईल माझा कोडोलीच्या शाळेतला बाकसोबती. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आमची शेती. आमच्या आईच्या चुलीपुढं भाकरी खाऊनच तो वाढला. पुढं दोघंही कोल्हापुरात आलो. मी राजारामपुरीत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. त्यानं कानाच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं आणि शाहूपुरीत घराच्या पुढच्या खोलीतच दुकान थाटलं. त्या खोलीत एक जुनापुराणा कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेली राखाडी रंगाची डबी. त्या डबीतून वायर निघायची ती कानाच्या यंत्रात जायची, आणि मग कुठला आवाज वाढवायचा, कुठला दाबायचा ते पडद्यावर ठरवता यायचं. कंपनीनं ती डबी बंद करून जमाना झाला. नव्या कॉम्प्युटरला तिची भाषा कळत नाही. मधला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, फक्त त्या जुन्याच कॉम्प्युटरात शिल्लक होता. म्हणून इस्माईल त्याला जिवापाड जपायचा. त्याच्यावर त्यानं कधी इंटरनेटची सावली पडू दिली नाही.

यावरून आमचं इतक्या वर्षांत किती वाजलं असेल! रविवारी मी चहाला गेलो की सुरू. मी म्हणायचो, अरे बाबा, नवीन घे, हे एक दिवस बसणार, मग गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवशील? तो म्हणायचा, "तुझ्या कंपन्यांस्नी माणसाचं वय कळत न्हाय. म्हातारीला जुन्या आवाजाची सवय व्हायलाच वरीस जातंय, आणि तवर तुमचं नवं मॉडेल! दर खेपेला नवा कान कुठनं आणू?" मी म्हणायचो, अपडेट नसलेलं यंत्र असुरक्षित असतं. तो म्हणायचा, "माझ्या यंत्राला घराभायेर सोडतच न्हाय मी. सोड की तुझं लेक्चर." आत त्याची बायको, रेहानाभाभी, हसायच्या. वाद कधी मिटला नाही आणि दोघांनाही तो मिटवायची घाई नव्हती. आता रविवार येतो आणि मी कुणाशी काय बोलायचं, असा प्रश्न पडतो. दुकानात येणाऱ्यांशी तेच अँड्रॉइड बरा की आयफोन बरा, तेच. खरं सांगतो, कंटाळा आलाय.

एकदा मी हट्टानं आईला नवं यंत्र आणलंच, मोबाईलला जोडायचं. इस्माईलनं एका शब्दानं अडवलं नाही. उलट तिच्या कानात स्वतः बसवून दिलं. महिनाभर बरं चाललं. मग माझ्या फोननं अपडेट घेतलं आणि दोघांचं बोलणंच तुटलं. यंत्र मधेच बंद पडायचं, मधेच फोनची घंटी आईच्या कानात वाजायची. ऐन जेवणात ती दचकून म्हणाली, "अरं, माझ्या डोस्क्यात कोण फोन करतंय?" आम्ही पोट धरून हसलो, पण तिनं ते यंत्र काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "माझं मला दे." दुसऱ्या दिवशी इस्माईलनं जुनं लावून दिलं. मी त्याच्या टोमण्याची वाट बघत होतो, पण तो पडद्यावर तिची जुळणी तपासत राहिला. आपल्याच आईचं काम असल्यासारखा मान खाली घालून बसला होता.

त्याची काम करायची रीत मात्र जगावेगळी. मोठ्या दवाखान्यात बंद खोलीत बसवून टूं-टूं आवाज ऐकवतात. तेही तो करायचाच. पण शेवटची जुळणी तो घरच्या माणसांना समोर बसवूनच करायचा आणि त्यांना सांगायचा, "आता भांडा." लोक चपापायचे. मग तो दटावायचा, "अवो, दुकानात समदी गोडच बोलत्यात. घरी जाऊन ह्यास्नी तुमचं भांडणच ऐकायचंय न्हवं? रोज भांडता तसं भांडा की!" एकदा वारणानगरहून एक सासू-सून आल्या होत्या. सून आधी लाजली, मग जी सुटली... पाण्याच्या मोटारीपासून नणंदेच्या बाळंतपणापर्यंत. सासूनं सगळं शांतपणे ऐकलं आणि इस्माईलला म्हणाली, "जरा कमी करा वो, पयलंच बरं हुतं." मी तिथंच होतो, चहा माझ्या नाकातून आला. पण इस्माईलनं खरोखरच आवाज एक घर कमी केला, आणि जाताना सासू सुनेचा हात धरून पायरी उतरली. आईच्या वेळी तो मला आणि बायकोला भांडायला लावायचा. आम्हाला विषयांची वाण कधीच पडली नाही.

तो गेल्यावर दुकान बंदच राहिलं. मी त्याच्या भावाकडून ती डबी आणि आईचं यंत्र घेऊन आलो आणि माझ्या दुकानातले एकेक लॅपटॉप लावून बघितले. ड्रायव्हर सापडत नाही, हेच उत्तर प्रत्येक पडद्यानं दिलं. कंपनीला मेल केली. उत्तर आलं की नवीन मॉडेल घ्यावं. गिऱ्हाइकांना जे मी सांगत आलो, तेच, तितक्याच गोडीनं. दुसऱ्या दोन दुकानांत गेलो, त्यांनी आईच्या यंत्राकडं नुसतं बघूनच मान हलवली. शेवटी भाभींना निरोप पाठवला, मला तुमच्या खोलीत बसू द्या. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं पाळायचा एकांत, चालू असल्यानं त्या पुढं येत नव्हत्या, आतल्या दाराच्या पडद्यामागून म्हणाल्या, "दादा, तुमचंच घर हाय. बसा." तो कॉम्प्युटर इतके दिवस बंद राहिल्यानं त्याच्या आतला सेल उतरला होता आणि तारीख भलतीच मागं गेली होती, म्हणून इस्माईलचा प्रोग्राम उघडेना. सेल बदलला, तारीख घातली, आणि डबीवरचा हिरवा दिवा लागला. मला रडूच आलं. ज्या यंत्राला मी जन्मभर भंगार म्हणालो, त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मग आईला घेऊन गेलो. ती इस्माईलसाठी गावाकडची काकवी घेऊन निघाली होती, बाटली पदराखाली धरून. दुकानात शिरल्यावर इकडंतिकडं बघून तिनं हातानंच विचारलं, कुठाय? मी समोरची खुर्ची दाखवली, बस. इस्माईलनं तिची जुनी जुळणी तिच्या नावानं जपून ठेवली होती. ती नुसती यंत्रात भरायची होती. वायर जोडली, यंत्र तिच्या कानात बसवलं, बटण दाबलं. जुळणी भरली की ते यंत्र बारीक सुरात तीनदा वाजतं. तो सूर त्या घरानं वर्षानुवर्षं दिवसभर ऐकलेला. तो वाजला, आणि मी तोंड उघडलं. आता साध्या आवाजात सांगता येणार होतं, ओरडायची गरज नव्हती.

आईनं हात वर करून मला थांबवलं. मान तिरकी करून ती ऐकत होती.

"आत कोण रडतंय रं?"

पडद्यामागं भाभींचा हुंदका होता, तोंडात पदर कोंबून दाबलेला. मला तो तोवर ऐकूही आला नव्हता. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं काकवीची बाटली टेबलावर ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. मला काही सांगावंच लागलं नाही. पडदा सारून ती आत गेली. मी त्या हिरव्या दिव्यापुढं बसून राहिलो, आणि आतून तिचा आवाज आला.

"रड पोरी, मोठ्यानं रड. मला ऐकाय येतंय."