तारीख उलटलेलं दूध
शेगडीवर सांडलेल्या दुधाचा करपट वास आला, की मला वारज्याच्या आमच्या घरातली पहिली सकाळ आठवते. भिंतींना ओल्या रंगाचा उग्र वास होता, रिकाम्या खोल्यांत बोलणं घुमत होतं, आणि मुहूर्त अगदी तोंडावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की उतू घालायला दूधच आणलेलं नाही. खालची दुकानं अजून उघडली नव्हती. सामानात महिनोन्महिने टिकणाऱ्या दुधाचा एक खोका सापडला, पण त्याचीही तारीख उलटली होती. मी तारखेवर अंगठा ठेवून तो पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि माझा अंगठा अलगद बाजूला सारला. नव्या घरात पहिलंच दूध नासलं, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्यांनी कोपरा कापला, वास घेतला, तळहातावर थेंब घेऊन चाखला. "तारीख कंपनीनं छापलीय. नाक मला आहे," म्हणाल्या आणि दूध पातेल्यात ओतलं. ते नासलं नाही; छान वर येऊन उतू गेलं, आणि उरलेल्याचा पहिला चहा त्याच प्यायल्या. पुढे आजारपणात त्यांना वास येईनासा झाला. मग दुधाची प्रत्येक पिशवी माझ्यापुढे धरायच्या, "अगं, तू सांग." परवा तारीख उलटलेला असाच एक खोका कापला, वास घेतला, आणि त्यांच्या रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाले, "चांगलं आहे हो, आई."