काकांच्या नावावरचा राग

आमच्या नात्यागोत्यात काकांचा राग विजेच्या तारेसारखा होता. कोणी हात लावून पाहिला नव्हता, पण लांबून जायचं हे सगळ्यांना माहीत होतं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घरातल्याच आतल्या खोलीत त्यांचं टेबल, टेबलावर दिवा, तेलाची कुपी आणि समोर कोणाचं तरी मशीन पोट उघडं टाकून पडलेलं. बाहेरच्या खोलीत आम्ही भाचरं जरा हसलो-खिदळलो की मावशी ओठांवर बोट ठेवायची. "हळू. काका आत आहेत. एकदा त्यांचं डोकं फिरलं ना, मग ते माझंसुद्धा ऐकत नाहीत." की आम्ही चिडीचूप. काका पाणी प्यायला म्हणून बाहेर आले, तर कोणाला गृहपाठ आठवायचा, कोणाला आई हाक मारतेय असं वाटायचं. बघता बघता खोली रिकामी. मोठेपणी आम्ही त्यांना जमदग्नी म्हणायला लागलो. अर्थात पाठीमागे.

मावशीचं अगदी उलट. ती सगळ्यांची लाडकी. तिने उभ्या आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही. शेजारणीला मिक्सर 'दोनच दिवस' हवा असला, नणंदेच्या मुलाला वर्षभर राहायला यायचं असलं, कोणाला आपली मांजरं तिच्याकडे सोडून गावाला जायचं असलं, की मावशी म्हणायची, "माझं काय हो, मी आत्ता हो म्हणाले असते. पण ह्यांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी तोंड एवढंसं करून यायची. "नाही म्हणाले. काय करू, स्वभावच तसा." लोक उलट तिचीच समजूत घालून परत जायचे. कसे दिवस काढतेस गं ह्या माणसापाशी, असं तिला विचारायचे, आणि ती एक उसासा सोडायची. त्या उसाशावर तिने अर्धी गल्ली जिंकली होती.

ह्यातलं खरं काय ते कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि समुद्रकाठच्या एका रिसॉर्टच्या गारढोण हॉलमध्ये जाऊन बसावं लागलं.

झालं असं, की मावशीने भांड्यांच्या दुकानात लकी ड्रॉची चिठ्ठी भरून टाकली होती. फोन आला. अभिनंदन, दोन रात्री राहणं-खाणं मोफत, सोबत कुटुंबातलं आणखी एक माणूस आणलं तरी चालेल. फुकट ते पौष्टिक हे मावशीचं जुनं मत. अट एवढीच, की त्यांचं एक प्रेझेंटेशन ऐकायचं, आणि नवरा-बायको दोघांनीही तिथे हजर राहायचं. एकट्याने येऊन चालणार नाही, असं फोनवरच्या मुलीने तीनतीनदा बजावलं होतं. काकांच्या गुडघ्यांना बसचा प्रवास झेपत नाही, म्हणून गाडी चालवायला मी.

तीन तास जमदग्नी माझ्या शेजारच्या सीटवर. मी जीव मुठीत धरून गाडी हाकत होते. मध्येच ते म्हणाले, "तू गाणी नाही लावत का?" मला वाटलं टोमणा आहे. म्हटलं, "छे छे, मला नाही आवडत." त्यावर ते "असं होय," म्हणाले आणि पुढे वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलाला एक जोडपं आणि एक टायवाला. बाहेर खरा समुद्र होता, तर खिडक्यांचे पडदे ओढून तो झाकलेला, आणि समोरच्या भिंतीवर त्याच समुद्राची फिल्म चालू. एखाद्या टेबलावर सही झाली की कोपऱ्यातली घंटा वाजायची आणि सगळे टायवाले उभं राहून टाळ्या पिटायचे. मावशीही वाजवायची. तिला आधी वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे.

आमच्या वाट्याला आलेला टायवाला तसा सभ्य माणूस होता. कानशिलं पिकलेली, कोटाची बाही झिजलेली, आणि बोलणं लोण्यासारखं. पैसे एकदाच भरायचे आणि पुढे दरवर्षी इथे येऊन एक आठवडा स्वतःच्या घरासारखं राहायचं, असं त्याने समजावून सांगितलं. पुढची पंचवीस वर्षं.

"पंचवीस?" मावशी म्हणाली. "अहो, आमचा डॉक्टरसुद्धा एवढी खात्री देत नाही."

टायवाला मनापासून हसला आणि मग त्याने आकडा सांगितला. मी त्या गारठ्यातही घामाघूम झाले. डोळे अधू झाले म्हणून काकांनी काम बंद केलं, तेव्हा जी काही पुंजी होती ती बँकेत ठेवली होती. दोघं तिच्या व्याजावर जगत होती. ती जवळजवळ सगळीच ह्या आठवड्यांत बुडाली असती. पण मी निर्धास्त होते. मनात म्हटलं, बाबा रे, तुझी गाठ कोणाशी आहे ते अजून तुला ठाऊक नाही.

मावशीने ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. "मला तर फारच आवडलं हो. पण ह्यांना विचारून सांगते."

"विचारा ना मॅडम," टायवाला म्हणाला. "सर तर इथेच बसलेत."

दोघांनी येण्याची अट का असते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. हे एवढं एकच वाक्य बंद पाडण्यासाठी. मावशीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लग्न झाल्यापासून तिने हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल ह्याची गणती नाही, पण खरोखर नवऱ्याकडे वळून विचारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नसावी. ती हळूच वळली. "अहो... काय म्हणता?"

"छान आहे की," काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नीट पाहिलं तर काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते, हात मांडीवर, शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखे. राग औषधालाही नव्हता. टायवाल्याने संधी साधली. "सर, खोलीत सहा जण आरामात झोपतात. तुम्ही कोणाकोणाला घेऊन याल?"

हा त्याचा ठरलेला प्रश्न असणार. मुलं, नातवंडं असं काही लोक सांगत असतील. काका-मावशीला मूलबाळ नाही. मावशी उगाच पर्स उघडून रुमाल शोधायला लागली. काका मात्र बोलायला लागले. मी त्यांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ही भाची," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "हिच्या मुलाला पाण्याची भीती वाटते, म्हणजे खोली खालच्या मजल्यावरची लागेल. वाळूत खेळेल बिचारा. हिच्या भावाची धाकटी आहे, तिला दिवा बंद केला की झोप लागत नाही. तिला आमच्या बाजूच्या पलंगावर घेऊ, आम्हाला उजेड चालतो. गोट्या म्हणून एक आहे, तो झोपेत लाथा मारतो, त्याला भिंतीकडे ठेवावं लागतं. आणि हिची जाऊ नुकतीच आजारातून उठली आहे. तिला जरा हवापालट झाला तर बरं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझा मुलगा पाण्याला भितो, हे मी काकांना कधी सांगितलं नव्हतं. मावशीला सांगितलं होतं, बाहेरच्या खोलीत, हळू आवाजात.

"सगळी मंडळी नेहमी येत असतील ना सर तुमच्याकडे?"

"हिच्याकडे येतात," काका मावशीकडे मान वळवून म्हणाले. "मी आतल्या खोलीत असतो. ऐकू येतं सगळं. बाहेर आलो की उठतात. कामं असतात ना ज्याला त्याला." सुरात तक्रार अजिबात नव्हती. मग त्यांनी भिंतीवरच्या समुद्राकडे पाहिलं. "इथून मात्र घर तीन तास लांब आहे. असं पटकन उठून कोणी जाणार नाही."

टायवाल्याने हातातलं पेन खाली ठेवलं. त्याने नुसती मान हलवली. तेवढ्यात त्याचा साहेब आला आणि आजच्या दिवसापुरती सूट सांगून गेला. अर्ज समोर आला. काकांनी चष्मा पुसला, पेन उचललं आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

काय म्हणणार होते मी? काका, तुमची म्हातारपणाची सोय ह्यात घालू नका, हे म्हणायला तोंड होतं कुठे मला? ज्यांच्यासाठी ते घालायला निघाले होते, त्यांतली मी एक.

मावशीने अर्जावर हात ठेवला. "नाही."

"मॅडम, सरांची एवढी इच्छा आहे..."

"सरांची इच्छा मला कळली. मी नाही म्हणते आहे. मला नको आहे हे."

आवाज कापत होता तिचा. साहेब परत आला, त्याने आणखी सूट दिली, हप्ते करून दिले, वर एक सुटकेस देऊ केली. मावशी प्रत्येक वेळी नाही म्हणाली, आणि दर खेपेला आवाज जरा कमी कापला. शेवटी साहेबाने काकांकडे मोर्चा वळवला, तेव्हा ती म्हणाली, "त्यांना विचारू नका. मी सांगते आहे ना."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टायवाल्याच्या हातात नीट परत दिलं. "वाईट वाटून घेऊ नका," ते त्याला म्हणाले. "तुम्ही फार चांगलं सांगितलंत."

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांवर आलं. आम्ही किनाऱ्यावरच्या एका बाकावर जाऊन बसलो, काका मध्ये. मग मावशी रडायला लागली, आवाज न करता. एवढ्या वर्षांत एका भल्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून एका खोलीत कोंडून घातलं होतं, आणि त्याची चूक एवढीच, की त्याला कोणाला दुखवता येत नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मावशीने विचारलं.

"मी आत होतो. बहिरा नव्हतो."

"कधीपासून?"

"आपला तो पहिला शेजारी शिडी घेऊन चालला होता बघ, कायमची. मी देऊन बसलो होतो. तू दारात जाऊन त्याला सांगितलंस, हे आत नुसते पेटलेत. मी आत चहा पीत होतो." काका स्वतःशीच हसले. "शिडी परत आली मुकाट्याने."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? तू नसतीस तर लोकांनी माझ्या अंगातला सदरासुद्धा मागून नेला असता. आणि मी दिला असता."

मावशीने डोळे पुसले आणि ताठ बसली. "मी आता घरी गेले की एकेकाला बोलावून सांगणार आहे. हे कधीच कोणाला नाही म्हणाले नव्हते, मीच म्हणत होते. एकूण एक जणाला सांगणार."

"नको," काका म्हणाले.

ते इतकं स्पष्ट होतं, की आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो.

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना. पुरुष रागीट असला तर त्याला शिस्तीचा म्हणतात. बाई नाही म्हणाली तर तिला कजाग म्हणतात. मला काय, मी मशीनशी बोलत बसणारा माणूस. तुला माणसं लागतात. ती यायची थांबली तर तू दोन दिवस तग धरायची नाहीस."

मावशीने त्यांचा हात हातात घेतला आणि उठायची वेळ होईपर्यंत सोडला नाही. काकांनी जन्मात दिलेला हा पहिला नकार, आणि तिने तो पाळला. आजतागायत तिने कोणापाशी ब्र काढलेला नाही.

मी मात्र कोणाला शब्द दिला नव्हता. पुढच्याच रविवारी मुलाला घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत टेकले नाही, पडदा सारला आणि तशीच आत गेले. काका रिकाम्या टेबलाशी बसले होते, ते गडबडून उभेच राहिले.

"मावशी बाहेर आहे गं," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं, आणि मुलाला त्यांच्या स्टुलावर बसवलं.