पुस्तकात असं न्हाई

सत्तर-एकाहत्तर साल असेल. श्रीगोंद्याच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला होता आणि एका जाडजूड अद्भुत कादंबरीवरून काढलेला चित्रपट लागला होता. माझ्या शेजारी सतरंजीवर एक भरदार बागायतदार बसले होते. त्यांनी ती कादंबरी वाचलेली होती, आणि ही गोष्ट तंबूत कुणापासूनही फार वेळ लपून राहिली नाही.

पडद्यावर राक्षस आला तसा त्यांनी फेटा मागं सारला. "तीनच डोकी? पुस्तकात सात हायती!" उडता घोडा दिसला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "त्यो काळा हाय, ह्यांनी पांढरा केला!" राक्षस गाऊ लागल्यावर तर ते उठून उभेच राहिले.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पाव्हनं, खाली बसा, न्हाईतर भाईर काढू!"

"काढा की! पन खोटं दावलेलं मी खपवून घ्यायचो न्हाई," म्हणत ते बसले.

शेवटी राक्षसाच्या गुहेत राजकन्या निपचित पडली. राजपुत्रानं तिच्यावर कसलंसं पाणी शिंपडलं आणि ती डोळे उघडून उठली. तंबूत शिट्ट्या झाल्या. मी कान टवकारले, पण शेजारून शब्द आला नाही. ते डोळे पुसत होते.

बाहेर पडताना मी विचारलं, "पुस्तकातही ती अशीच उठते का?"

"न्हाई. मरती."

"मग तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

त्यांनी पायात वहाणा सरकवल्या.

"त्येवढं लिवनाऱ्याचंच चुकलं हुतं," ते म्हणाले.