रागावरचं पाणी

ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आणि कोंबडीच्या पायांसारखं अक्षर, दोन्ही माफ असावं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण आमच्या मामंजींइतका रागीट माणूस जव्हारपासून मोखाड्यापर्यंत झाला नाही, एवढं मी न चुकता लिहू शकते. संस्थान होतं तोवर ते जव्हारच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि ते मोखाड्याला घरी येऊन बसले, ते रागावलेलेच. पाकिटावर 'जिल्हा ठाणे' दिसलं की पाकीट न फोडताच भिरकावायचे. भाकरीला चीर गेली की राग. मोटार उशिरा आली की राग, वेळेवर आली तर "हिला आज कसली घाई?" म्हणून राग. कोंबडा आरवला तर त्यालाही विचारत, "कोणाच्या हुकमानं?"

एकदा ओरडता ओरडता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून पाहिलं. म्हणाले, "रावसाहेब, रक्तदाब आहे. हा राग तुम्हाला घेऊन जाईल. राग आला की बोलू नका. तांब्याभर पाणी प्या, सावकाश."

औषध फुकटचं म्हणून घरात सगळे खूश. मला मात्र हंडेच दिसायला लागले. चैत्र लागला होता. विहीर आटलेली, पाणी खाली ओहळात खणलेल्या झिऱ्याचं, आणि चढ असा की भरला हंडा घेऊन येताना छाती फुटावी. मामंजी तर हुकमाचे पक्के. शेजाऱ्याचा रेडा फुरफुरला, तांब्या. ऊन दारात आलं, तांब्या. त्यांची तब्येत सुधारली आणि पाणी वाहून सासूबाईंच्या नि माझ्या माना मोडल्या. राग त्यांना यायचा, धाप सासूबाईंना लागायची. हे कुठल्या वैद्यकात बसतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझा राग मी गिळायची, तोही कोरडाच, कारण पाणी त्यांच्यासाठी ठेवायचं होतं. रात्रभर पोटात जळायचं. सुनेच्या दंडाला कोणी पट्टा बांधला नाही.

वैशाखात एका दुपारी सासूबाई चढावर मध्येच बसल्या त्या उठेनात. ओठ काळे पडले, हंडा गडगडत खाली गेला. मी धावत घरी आले. मामंजी रिकाम्या माठापुढे उभे. "पाणी कुठाय?"

त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "तुमच्या रागाचं पाणी वाहताना सासूबाई पडल्यात. आता काय प्यायचं ते प्या."

मामंजींचा हात तांब्याकडे गेला, तांब्या कोरडा. तसेच अनवाणी उतार उतरले, सासूबाईंना पाठीवर घेऊन आले, ओटीवर निजवलं आणि हंडा आणायला पुन्हा गेले. वर आले तेव्हा ओरडायला श्वासच उरला नव्हता.

तेव्हापासून राग आला की ते हंडा उचलत. पुरुषमाणूस पाणी भरतो म्हणून गाव हसलं. झिऱ्यावरच्या बाया विचारायच्या, "भाऊ, आज कोनावर तापलाव?"

"तलाठ्यावर."

"मंग दोन हंडे न्या."

सासूबाई पुढे बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या दुखण्यात एका सकाळी मामंजी भरला हंडा घेऊन आत आले. अंथरुणातूनच सासूबाईंनी विचारलं, "सकाळी सकाळी कोणावर राग?"

मामंजी जरा गोंधळले. "कोणावर नाही. माठ रिकामा दिसला."

सासूबाई हसल्या. "मग फिटलं हो सगळं," म्हणाल्या, आणि त्यांच्या हातून घोटभर पाणी प्यायल्या.