गोवरीवरची पाच बोटं

निजामाचं राज्य होतं तेव्हा जालन्याबाहेरच्या माळावर दोन साहेब गोल्फ खेळायचे. गोल्फ म्हणजे अंड्याएवढा पांढरा चेंडू काठीनं हाणायचा, त्याच्यामागं चालत जायचं, सापडला की परत हाणायचा. शेवटी तो एका भोकात घालायचा. ज्याला कमी टोल्यांत जमलं त्यानं ते भोक जिंकलं. एवढंच. पण तेवढ्यासाठी दोघं सकाळभर भांडायचे.

एक होता कापसाच्या जिनिंगचा गोरा मॅनेजर. दुसरा हैदराबादचा म्हातारा वकील, पिकलेली दाढी, डोक्यावर तुर्की टोपी. माळाची राखण माझ्याकडं होती.

माळावर मुद्दाम तीन खड्डे खांदले होते अन त्यात कुंडलिका नदीची वाळू भरली होती. चेंडू तिथं पडला की खेळणाऱ्याचे हाल. आधी आपणच खड्डा करायचा, मंग त्यात चेंडू पडला म्हणून बोंबलायचं, हे मला कधी समजलं न्हाई. दाताळ्यानं ती वाळू सारखी करायची, हे माझं काम. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खड्डे में रेती छोडके कुछ दिखा तो तुम जाएगा."

मी गेलो म्हणजे माळाच्या कडेचं खोपटही गेलं. मंग बायकोला माहेरी भोकरदनला धाडावं लागलं असतं अन मी भावाच्या दारात. लग्नाला साल झालं न्हवतं. मला ती जरा जास्तच आवडायची. तिला सांगितलं न्हवतं.

आता आमची कशी, तर रिकामी जागा दिसली की तिचे हात शिवशिवायचे. माळावर गुरं चरायची, शेण पडायचं, अन खड्ड्याची मातीची भिंत उन्हानं तव्यासारखी तापायची. हिनं तिथं गोवऱ्या थापल्या.

"अगं, साहेबाचा खड्डा हाय तो!"

"मंग? दोन दिवसांत खडखडीत वाळतेत. इतवारच्या आत काढते. अवो, भिऊन काय राह्यले?"

साहेब इतवारी खेळायचे. पण त्या हप्त्यात मॅनेजरला इतवारी परतूरला जायचं निघालं, म्हणून दोघं शनिवारीच आले. मी पळत जाऊन भिंतीवरच्या गोवऱ्या ओरबाडल्या, पोत्यात कोंबल्या, पोतं झुडपामागं फेकलं. एक गोवरी वाळूत निसटून पडल्ती, ती घाईत दिसली न्हाई.

एवढा मोठा माळ मोकळा पडला होता, पण मॅनेजरचा चेंडू बराबर तिलाच टेकून बसला.

मॅनेजर वाकून गोवरी उचलायला गेला, तसा वकील ओरडला, "हाथ नक्को लगाओ साब!" अन खिशातून नियमांचं बुक काढलं. नियम असा, की खड्ड्यात चेंडूजवळ जे कुदरती पडलेलं असंल, पान, काडी, गोटा, लेंडी, त्याला हात लावायचा न्हाई. लावला की ते भोक हरला. मात्र माणसानं बनवलेली वस्तू, काडीपेटी म्हणा, बाटली म्हणा, ती उचलता येती.

"ये गोबर है," वकील म्हणाला. "गोबर कुदरती."

"ये गोल है!" मॅनेजर म्हणाला. "बिलकुल गोल!"

"भैंस की मर्जी."

दोघं माझ्याकडं वळले. "तुम बोलो," मॅनेजर म्हणाला. "भैंस ने किया या आदमी ने?"

आता आली पंचाईत. म्हैस म्हणावं तर मॅनेजरला गोवरीसकटच हाणावं लागणार, तो हरणार, अन म्हैस खड्ड्यात शिरलीच कशी म्हणून मला हाकलणार. माणूस म्हणावं तर कोण माणूस, हे विचारणारच. मी खाली बघून वाळूवर दाताळं फिरवत राह्यलो.

तेवढ्यात झुडपामागून ही उठली. पोतं न्यायला आल्ती अन तिथंच ऐकत बसल्ती. डोईवर पदर ओढला, तरातरा खड्ड्यात उतरली, साहेबांकडं न बघता मलाच म्हणाली, "अवो, सांगा की त्यांना. म्हशीला बोटं असतेत का?"

अन वाकून गोवरीच्या वर हात धरला, न लावता. गोवरीवर पाच बोटं उठली होती. हिची करंगळी लहानपणी जात्याखाली सापडून वाकडी झाल्ती. गोवरीवरची पण वाकडी.

वकील गुडघ्यावर बसला. चष्मा पुसला. बोटं मोजली, दोनदा. "सुबूत पक्का है, बेटी," म्हणाला.

मॅनेजरनं दोन बोटांच्या चिमटीत गोवरी उचलून बाजूला ठेवली अन असा टोला हाणला की चेंडू भोकापाशी अन वाळू सगळी वकिलाच्या दाढीत. भोक जिंकलं. मंग माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता बोचकं बांधा.

"औरत को बोलो, गोबर रखना है तो रखो," तो म्हणाला. "मगर उंगली दिखना मंगता."

झालं. पुढं साहेब होते तवर त्या खड्ड्यात हिच्या गोवऱ्या वाळल्या. बोटं रुतवून थापायची. पाचीच्या पाची दिसली न्हाईत की मोडून परत. मंग निजामाचं राज्य गेलं, साहेब गेले, माळावर ज्वारी आली, तरी हिची सवय जाईना. मी चिडवायचो, "साहेब तपासायला यायचाय का?"

"तुमची नोकरी माझ्या करंगळीनं राखली, ध्यानात ठेवा," म्हणायची.

गेल्या साली ती गेली. सरणाला परसातल्या गोवऱ्या नेल्या, सगळ्या तिच्याच हातच्या. रचून झाल्यावर मी पुढं झालो अन वरची एक उचलली.

भाऊबंद म्हणाले, "आबा, सरणातली गोवरी काढत नसतेत."

"माणसाच्या हातची हाय," मी म्हणालो. "उचलता येती."

ती कोनाड्यात ठेवलीय. सून म्हणती, शेणाला मुंग्या लागतेत, टाकून द्या. तिला गोल्फातलं काय कळतं.